‘आधी दोन वर्षं कोरडं राहून दाखवा’

गेल्या आठवड्यात एकच मजकूर मला तिघांनी पाठवला. त्यातल्या एकाला तर ठाऊक होतं की मी व्यसनातून बाहेर पडणाऱ्यांना मोटर भरायला, म्हणजे जळक्या मोटरमध्ये तांब्याची तार पुन्हा गुंडाळायला, शिकवतो. मजकूर थोडक्यात असा: ‘व्यसनी माणसाला कामाचं प्रशिक्षण देणं म्हणजे पालथ्या घड्यावर पाणी. आधी दोन वर्षं कोरडं राहून दाखवा, मग कामाचं बोला. पगार हाती पडला की यांची पहिली वाट गुत्त्याची. ही माणसं भरवशाची नसतात. आणि शिकवता तरी काय, मेणबत्त्या!’ चार मुद्दे आहेत, ओळीने घेतो.

‘आधी दोन वर्षं कोरडं.’ बरं, पण या दोन वर्षांत त्याने करायचं काय? व्यसन हा पूर्ण वेळचा उद्योग असतो. सकाळी उठल्यापासून पैसे जमवायचे, माल मिळवायचा, लपवायचा, उतरला की पुन्हा तेच. व्यसनमुक्ती केंद्रातून बाहेर आल्यावर हा सगळा वेळ मोकळा होतो. कोपऱ्यावरचे मित्र मात्र तिथेच असतात. रिकामा बसवून त्याची परीक्षा घ्यायची आणि नापास झाला की ‘बघा, सांगत होतो’ म्हणायचं, असा हा प्रकार.

‘आधी तयारी, मग नोकरी’ हा क्रम मानसिक आजारांच्या पुनर्वसनातही रुळलेला होता. १९९०च्या दशकात अमेरिकेत न्यू हॅम्पशायरमध्ये रॉबर्ट ड्रेक आणि डेबोरा बेकर या संशोधकांनी तो उलटा केला. ज्याला काम हवंय त्याला लगेच खरी नोकरी शोधून द्यायची आणि शिकवणं, आधार देणं कामावर असतानाच करायचं. ‘तू अजून तयार नाहीस’ म्हणून कुणाला परत पाठवायचं नाही. इंग्लंडमध्ये २०१८पासून सात भागांत व्यसनाचे उपचार घेणाऱ्यांवर हीच पद्धत तपासली गेली. दारूच्या रुग्णांना नोकरी मिळण्यात फायदा दिसला. हेरॉइनसारख्या अफूजन्य पदार्थांच्या गटात तसं ठामपणे म्हणता आलं नाही. ही दुसरी बाजू गाळली असती तर माझा मजकूरही त्या फिरत्या मजकुरासारखाच झाला असता.

‘पगार हाती पडला की गुत्ता.’ चारही मुद्द्यांत दम आहे तो यात. पगाराचा दिवस वाईटच. नोटा हातात आल्या की तलफ जागी होते, हे आमच्याकडे उपचार घेणारा कुठलाही रुग्णमित्र न विचारता सांगेल. प्रश्न एवढाच, की म्हणून पगारच नको, की पगार देण्याची रीत बदलायची?

बाल्टिमोरमध्ये जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठातले केनेथ सिल्व्हरमन यांनी १९९०च्या दशकात हाच पैसा उलट्या बाजूने वापरला. हेरॉइन-कोकेनमध्ये अडकलेल्या ४० गरोदर आणि बाळंतीण स्त्रिया अभ्यासात होत्या. त्यातल्या निम्म्यांना रोज तीन तास डेटा एन्ट्रीचं प्रशिक्षण आणि काम. अट एकच: लघवीच्या तपासणीत नशा आढळली नाही तरच त्या दिवशी कामावर प्रवेश. मोबदला रोख नाही, व्हाउचरमध्ये. सहा महिन्यांत या गटाचे सुमारे ५९ टक्के नमुने स्वच्छ निघाले, नेहमीचेच उपचार घेणाऱ्या गटाचे ३३ टक्के. म्हणजे ज्या पगाराची भीती घालतात, तोच नशेपासून दूर राहायचं कारण झाला. पुढच्या अभ्यासांत असंही दिसलं की अट काढली की परिणाम ओसरतो. ही काही जादू नाही, तब्येत सांभाळण्यासारखं आहे. सोडलं की ढासळतं.

आम्ही व्हाउचर देत नाही. पैसे थेट खात्यात, महिन्याऐवजी दर आठवड्याला, थोडे थोडे. आणि त्या दिवशी संध्याकाळी वर्कशॉप उशिरापर्यंत उघडं ठेवतो. काम फारसं होत नाही, गप्पाच होतात. चालतं.

‘भरवशाची नसतात.’ मोटर भरताना तांब्याच्या तारेचे वेढे मोजावे लागतात. एका कॉइलला अमुक वेढे म्हणजे अमुकच. एखादा चुकला तर मोटर तापते आणि गिऱ्हाईक पंधरा दिवसांत परत येतं. आमच्याकडे एक जण सुरुवातीला चाळीसच्या पुढे मोजणी विसरायचा. हात थरथरत नव्हते, ती थरथर दारू सुटल्यावर साधारण आठवडाभरात गेली होती. मन टिकत नव्हतं. मग त्याने स्वतःच युक्ती काढली: दर दहा वेढ्यांना खडूने टेबलावर एक रेघ. तीन महिन्यांनी रेघा बंद झाल्या. सहाव्या महिन्यात तो घसरला, चार दिवस आला नाही. पाचव्या दिवशी आला आणि अर्धवट राहिलेला स्टेटर, म्हणजे मोटरचा वेढे भरायचा स्थिर भाग, पुढे ओढून बसला. याला भरवशाचा म्हणायचं की बिनभरवशाचा?

व्यसनाचे अभ्यासक टॉम मॅक्लेलन आणि सहकाऱ्यांनी २०००मध्ये व्यसनाची तुलना मधुमेह, रक्तदाब, दम्याशी केली होती. व्यसन पुन्हा उलटण्याचं प्रमाण साधारण ४० ते ६० टक्के सांगितलं जातं. रक्तदाब आणि दम्याचं ५० ते ७०. साहेबांचा रक्तदाब वाढला तर त्यांना कुणी ‘आधी दोन वर्षं नॉर्मल राहून दाखवा’ म्हणत नाही. हां, गाडी चालवणं, उंचावरचं काम, चालू यंत्र यांत सावधगिरी हवीच. घसरलेल्या माणसाला आम्हीही वीज चालू असलेल्या पॅनेलला हात लावू देत नाही. तेवढ्यापुरतं काम बदलतो, यादीतून नाव काढून टाकत नाही.

‘मेणबत्त्या शिकवतात.’ हा टोमणा मी मुकाट्याने घेतो. पुष्कळ ठिकाणी जे शिकवणं सोपं तेच शिकवतात, बाजारात त्याला मागणी असो वा नसो. सॅन फ्रान्सिस्कोत १९७१मध्ये सुरू झालेल्या डेलन्सी स्ट्रीट या संस्थेचं मला म्हणूनच अप्रूप वाटतं. व्यसन आणि तुरुंगातून आलेली माणसं तिथे किमान दोन वर्षं राहतात, सामान हलवण्यासारखे धंदे स्वतः चालवतात, आणि आधी शिकलेला नव्याला शिकवतो. त्यांची समुद्राकाठची मोठी वसाहत १९९०च्या सुमारास उभी राहिली, तिचं बांधकामही बरंचसं तिथल्याच रहिवाशांनी केलं.

आमच्याकडेही सुरुवातीला कापडी पिशव्याच होत्या. एके दिवशी एका जणाने शिवलेली पिशवी माझ्यासमोर ठेवली आणि विचारलं, ‘मास्तर, घरी गेल्यावर काय काम शिकून आलो म्हणून सांगू?’ पुढच्या महिन्यात भंगारातून पहिली जळकी मोटर आणली.