डबा झाकणासह परत करावा

श्रीखंडाच्या अर्धा किलोच्या डब्याच्या झाकणाला मी पाच भोकं पाडली. गुन्हा कबूल. पण त्या झाकणाचा फोटो, शेजारी स्टीलची पट्टी ठेवून, म्हणजे भोकांचं माप नीट कळावं अशा बेताने काढलेला, सोसायटीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकायची काही गरज होती का? खाली मजकूर: 'ब विंगमधील एका रहिवाशाने सुस्थितीत नेलेले झाकण या अवस्थेत परत केले आहे. नाव लिहीत नाही. – पाचवा मजला.'

नाव लिहिलं नाही हे खरंच. लिहायची वेळच आली नाही. चार मिनिटांत पहिल्या मजल्यावरच्या काकूंनी विचारलं, 'झुरळंवाले का?' आणि त्याला सतरा जणांनी अंगठे दिले. एरवी या ग्रुपवर पाण्याच्या टँकरच्या वर्गणीबद्दल विचारलं तर सगळं कोथरूड झोपलेलं असतं. आज सकाळी खाली उतरलो तर वॉचमनने सलाम ठोकून विचारलं, "मिळालं का साहेब?"

तर झुरळ.

आमची कन्या अकरावीत आहे आणि जीवशास्त्राच्या ऑलिंपियाडची तयारी करते आहे. नोव्हेंबरात एनएसईबी नावाची पहिली परीक्षा, त्यातून निवडलेल्यांची दुसरी, त्यातून उरलेल्या तीस-पस्तीस जणांचं मानखुर्दला होमी भाभा केंद्रात शिबिर, आणि सगळ्यात शेवटी अख्ख्या देशातून चौघं. दाटीवाटीने बसवली तर एका रिक्षात मावतील एवढी. हे गणित मी तिला एकदा समजावून सांगायला गेलो. ती म्हणाली, "बाबा, मला माहितीये. तू मधे येऊ नकोस."

मी मधे येत नाही. माझं खातं पुरवठ्याचं. पुस्तक मीच आणलं, अप्पा बळवंत चौकातून, सेकंडहँड, हजारावर पानांचं. रिक्षात मांडीवर घेऊन आलो तेव्हा उजवा पाय बधिर झाला होता. आधीच्या मालकाने चाळीसाव्या पानापर्यंत ओळ न् ओळ पिवळ्या हायलायटरने रंगवली आहे. एक्केचाळिसाव्यावर निम्मं पान. पुढे शेवटपर्यंत पांढरंशुभ्र. त्या एक्केचाळिसाव्या पानावर त्या मुलाचं काय झालं असेल, हा विचार मला अधूनमधून छळतो. पेशीपटलाचं चित्र आहे तिथे, फार भीतीदायक असं काही नाही. कॉमर्सला गेला असावा. सुखी असेल.

तर झुरळाच्या पोटाच्या टोकाला दोन्ही बाजूंना एकेक जाडसर काटा असतो, नरालाही आणि मादीलाही. नराला त्याखेरीज आणखी दोन बारीक केसांसारख्या काड्या असतात, मादीला नसतात. यावर प्रश्न येऊ शकतो. पुस्तकातल्या चित्रात चारही सारख्याच दिसतात, म्हणून तिला खरं झुरळ बघायचं होतं. कापायचं नव्हतं हो. प्राणी कापणं हल्ली कॉलेजांतूनही जवळपास हद्दपार झालंय. भिंगाखाली धरायचं, बघायचं आणि सोडून द्यायचं.

"कुठे सोडायचं?" बायकोने विचारलं.

हिने गणपतीच्या आधीच पेस्ट कंट्रोल करून घेतलं होतं. तो माणूस ओट्याखाली, कपाटाच्या बिजागऱ्यांत जेलचे ठिपके लावून गेला आणि आठ दिवसांत आमच्या घरातली झुरळांची संस्कृती नामशेष झाली. आता त्याच घरात पैसे देऊन घालवलेला प्राणी भिंगासाठी हवा होता. "तुमची लेक, तुमचं झुरळ," एवढं बोलून ही भाजी निवडायला बसली.

शेजाऱ्यांकडे विरजण मागता येतं, शिडी मागता येते, लग्नाच्या हॉलवर न्यायला गाडीही मागता येते. झुरळ कसं मागायचं, याची रीत मात्र आपल्याकडे कोणी घालून दिलेली नाही. मी सरळ विचारलं. पहिल्या मजल्यावरच्या काकूंनी सेफ्टी डोअर न उघडताच ऐकून घेतलं.

"आमच्याकडे?"

"एखादं असलं तर."

"आमच्याकडे असतील असं का वाटलं तुम्हाला?"

"तसं नाही, आमच्याकडची पेस्ट कंट्रोलने गेली, म्हणून म्हटलं..."

"म्हणजे तुमच्याकडची आमच्याकडे आली म्हणायचंय!"

मला तसं म्हणायचं नव्हतं, पण कीटकशास्त्राच्या दृष्टीने मुद्दा बिनतोड होता. मी काढता पाय घेतला आणि दुसऱ्या मजल्यावरचं स्वतःचं घर ओलांडून पाचव्यावर गेलो. लिफ्ट बंद होती.

पाचव्या मजल्यावरचे काका सरकारी हिशेब खात्यातले. निवृत्त होऊन एकोणीस वर्षं झाली, पण घरातही शर्टाच्या खिशात दोन पेनं असतात, एक निळं आणि एक लाल. त्यांनी मला बसवलं, पाणी दिलं आणि म्हणाले, "कशासाठी हवंय?"

"मुलीला. ऑलिंपियाडसाठी."

"खेळ कुठला?"

"जीवशास्त्र."

"किती मार्कांचं?"

"२१६."

काकांनी चष्मा काढला. "२१६ का? २०० का नाही?"

"४८ प्रश्न तीन-तीन मार्कांचे आणि १२ सहा-सहाचे."

काकांनी डोळे मिटले. "एकशे चव्वेचाळीस, अधिक बहात्तर. हं. जुळतंय." चेहऱ्यावर समाधान पसरलं. "चुकलं तर?"

"त्या ४८ मध्ये चुकलं की एक मार्क वजा. बारांमध्ये वजा नाही, पण एकाहून जास्त पर्याय बरोबर असू शकतात, ते सगळे ओळखावे लागतात."

"आणि वेळ?"

"दोन तास."

"साठ प्रश्न, दोन तास. प्रश्नाला दोन मिनिटं. आणि या झुरळावर किती मार्कांचं येणार?"

"येईल किंवा येणारही नाही."

"म्हणजे जास्तीत जास्त सहा मार्कांसाठी, तेही अनिश्चित, तुम्ही तीन मजले चढलात." त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं, की मला माझं प्रवास भत्त्याचं बिल नामंजूर झाल्यासारखं वाटलं. "बरं. कुठलं झुरळ?"

या प्रश्नाची मी अपेक्षा केली नव्हती. "मोठं. अमेरिकन."

आतल्या खोलीतला टीव्ही बारीक झाला.

"आमच्याकडे अमेरिकन आहे असं कोण म्हणालं तुम्हाला?" काकांचा आवाज एकदम चढला. "मुलगा न्यू जर्सीला आहे म्हणून? दोन वर्षांनी एकदा येतो. दोन बॅगा असतात. त्यात बदाम असतात, व्हिटॅमिनच्या गोळ्या असतात, मला नको असलेला टी-शर्ट असतो. झुरळं नसतात!"

"काका, नुसतं नाव अमेरिकन. मूळ आफ्रिकेतलं आहे ते. जहाजांतून जगभर पसरलं."

"मग अमेरिकन का म्हणतात?"

"लिनियस नावाच्या शास्त्रज्ञाने १७५८ साली त्याच्या शास्त्रीय नावात 'अमेरिकाना' घातलं. ते चिकटलं."

"म्हणजे मूळ एकीकडचं आणि कागदोपत्री अमेरिकन."

"हो."

काका जरा वेळ गप्प बसले. आतून काकी म्हणाल्या, "आपल्याचंही तेच झालं की मार्चमध्ये. शपथ घेतली म्हणाला." कोणीच काही बोललं नाही. मी उगाचच पाण्याचा रिकामा पेला पुन्हा तोंडाला लावला.

मग काका पुढे वाकून हळू आवाजात म्हणाले, "आमच्याकडे बारकी आहेत. मिक्सरच्या मागे. कुठे बोलू नका."

"ती जर्मन."

"आता जर्मन!"

"नुसतं नाव जर्मन," मी म्हणालो. हे मला कन्येने आदल्याच आठवड्यात जेवताना सांगितलं होतं आणि मी ताटावरून उठायच्या बेतात होतो. "मूळची आपल्याच बाजूची, भारत-म्यानमारकडची. जवळपास २१०० वर्षांपूर्वी इथल्याच एका रानटी जातीतून ती वेगळी झाली. २०२४ मध्ये जनुकं तपासून छडा लागला."

काकांनी निळं पेन काढलं, परत ठेवलं. "थांबा. म्हणजे आपलं झुरळ तिकडे गेलं, जर्मन नाव लावून आलं, आणि आपण त्याला परकं समजून जेल चारतोय?"

"साधारण तसंच."

"मग मुलीला हे न्या. स्वदेशी आहे."

"अभ्यासक्रमात अमेरिकन आहे, काका."

"असणारच," काका म्हणाले. हे त्यांनी लाल पेनने म्हटलं.

त्याच रात्री दहा पन्नासला फोन. "आलंय. मोरीच्या जाळीतून. मोठं आहे. लवकर या, मी पाटावर उभा आहे." मी तसाच बनियनवर धावलो. काका खरोखरच पाटावर उभे होते, हातात टॉर्च, आणि टॉर्चचा झोत मोरी सोडून सगळीकडे. मी खराटा उचलला. ते माझ्या दिशेने आलं आणि मी पाटावर, काकांच्या शेजारी. पाट एकाच माणसाच्या मापाचा होता. एवढ्यात काकी आल्या, "सरका दोघं" म्हणाल्या, श्रीखंडाचा डबा उपडा घातला, खालून जुन्या कॅलेंडरचं पान सरकवलं, उलटवलं, झाकण लावलं आणि झोपायला गेल्या. काकांनी वहीत नोंद केली: 'झुरळ – १. डबा – १, झाकणासह.' आणि माझी सही घेतली. रात्री अकराला. झुरळाच्या पोचपावतीवर.

घरी येऊन माझ्या मनात दया दाटून आली आणि मी कर्कटकाने झाकणाला पाच भोकं पाडली. दया कशी महागात पडते पाहा. झुरळाच्या अंगालाच श्वासाची छिद्रं असतात, दहा जोड्या. हवा त्यांतून नळ्यानळ्यांनी थेट पेशींपर्यंत जाते, म्हणून त्याच्या रक्ताला ऑक्सिजन वाहायचं कामच नाही, म्हणून ते रक्त लालही नाही. मुंडकं गेलं तरी आठवडाभर तग धरतं. हृदयाला कप्पे तेरा. असला प्राणी! कन्येने झाकणाकडे बघून शांतपणे सांगितलं, "बाबा, डब्यातली हवा त्याला आरामात पुरली असती." मग भिंग धरलं. "आणि ही मादी आहे. सातवा खंड बघ, होडीसारखा आहे."

मी होडी पाहिली. माझ्या मते ते फक्त झुरळ होतं.

"मग झालं ना काम?"

"नर कुठाय? फरक बघायचाय ना."

दुसऱ्या दिवशी डबा धुऊन, पुसून, परत करायला गेलो. तक्रार म्हणून नाही, नुसतं कानावर घालावं म्हणून म्हटलं की मादी निघाली. "निघाली म्हणजे?" काका म्हणाले. "आम्ही काय उलटं करून बघून द्यायचं?" आणि मग त्यांनी झाकण उजेडात धरलं. पाच किरण त्यांच्या कपाळावर पडले. पुढचं सगळं तुम्हाला ग्रुपवर दिसलंच असेल. नसेल तर वॉचमनला विचारा.

हसू येतं, पण सगळंच नाही येत. समोरच्या विंगमधले एक गृहस्थ पहाटे पाचला मुलाला क्रिकेटच्या मैदानावर सोडतात, त्याचं किट पाठीवर वाहतात, आणि सोसायटीने गणपतीत त्यांचा सत्कार केला. श्रीफळ दिलं. माझ्या हातात झुरळ होतं म्हणून मी 'झुरळंवाले'. भेटेल तो पहिलं एकच विचारतो, "नीटला उपयोग होतो का याचा?" एका क्लासच्या बाईंनी तर कन्येसमोरच सांगितलं की ही फॅडं बारावीनंतर करावीत. बारावीनंतर ही परीक्षा देताच येत नाही, हे त्यांना माहीत नव्हतं, आणि माहीत नसताना त्या फी मात्र दोन वर्षांची आगाऊ मागत होत्या. पोरगी रात्री एक-एक वाजेपर्यंत बसते. कोणाला सांगू नकोस म्हणाली होती मला, निवड नाही झाली तर सगळे विचारत बसतील म्हणून. आणि मी काय केलं? पहिल्या मजल्यापासून पाचव्यापर्यंत दारोदार सांगून आलो. आता नोव्हेंबरात जे व्हायचं ते होईल, पण 'झुरळाचं काय झालं?' हे विचारायला सतरा अंगठे तयार आहेत. ती या प्रकरणावर माझ्याशी एक शब्द बोललेली नाही. सकाळी फक्त डब्यात पोळी ठेवताना म्हणाली, "बाबा, तू पाटावर चढला होतास?" काकींनी तेही सांगितलंय.

हे लिहीत असतानाच, दहा पस्तीसला, काकांचा निरोप आला. ग्रुपवर नाही, मला एकट्याला.

'नर आला आहे. बहुधा. पंख पोटाच्या टोकापुढे आलेले दिसतात, म्हणजे नरच, पुस्तकात पाहिले. बादलीखाली ठेवला आहे. हिला झोप आली आहे, तरी लवकर यावे. स्वतःचा डबा आणावा.'