खुलासा: पियानो तालवाद्य की तंतुवाद्य?

‘पियानोत हातोड्या आपटतात, म्हणून तो तालवाद्यच’ असा दावा फिरतो आहे. तो अर्धाच खरा. आघात होतो, पण नाद तारेचा असतो. वाद्यांच्या हॉर्नबोस्टेल-झाक्स वर्गीकरणात (१९१४) कुळ ठरतं ते मुळात काय कंप पावतं यावर. म्हणून पियानो तंतुवाद्यांत, संतूरच्या पंगतीत. ८८ पट्ट्यांमागे साधारण २३० तारा असतात: खर्जात स्वरामागे एक, पुढे दोन, मग तीन. नमद्याची हातोडी आपटताच मागे हटते. तारेवर टेकून राहिली तर आवाजच दबेल. पट्टी सोडली की डँपर, म्हणजे तारेवर टेकणारी नमद्याची गादी, तार थांबवतो, अगदी वरचे स्वर वगळून. वाद्यवृंदात त्याला तालवाद्यांत धरतात, ती निव्वळ सोय. ‘कीबोर्ड’ हे तर या वर्गीकरणात कुळच नव्हे: पाइप ऑर्गनलाही पट्ट्या असतात, वाजते मात्र हवा.