पॉलिशचा आक्षेप आणि १५२०२ : एका प्रतिक्रियेला उत्तर

सविस्तर प्रतिक्रियेबद्दल आभार. ओदमार पिगे कंपनीच्या रॉयल ओक या घड्याळाबद्दल मी लिहिलं होतं, त्यावर तुमचे आक्षेप दोन. एक, ‘वापरलेलं रॉयल ओक घेताना पॉलिश झालेलं टाळा’ हा सल्ला म्हणजे संग्राहकांचा नखरा. सर्व्हिसिंगला टाकलं की कंपनीच पॉलिश करून देते. दोन, रॉयल ओकच्या १५२०२ या मॉडेलच्या मागे वर्षानुवर्षं धावण्यापेक्षा १५३०० हे मॉडेल घ्यावं, माप तेच ३९ मिमी.

दुसऱ्याचं आधी उरकतो. माप तेच, पण जाडी नाही. १५२०२ ची ८.१ मिमी, १५३०० ची ९.४. फरक मुख्यतः मशीनमुळे पडतो : १५२०२ मधल्या २१२१ या मशीनची जाडी ३.०५ मिमी, १५३०० मधल्या ३१२० ची ४.२६. २१२१ चा रोटर (हाताच्या हालचालीने फिरून चावी देणारं वजन) कडेच्या रिंगवर, माणकांच्या चार रोलरवर फिरतो, म्हणून ते इतकं चपटं बसतं. (याच मूळ मशीनवर पाटेक आणि व्हॅशरॉन या दुसऱ्या कंपन्यांची घड्याळं, १९७६ चं नॉटिलस आणि १९७७ चं २२२, चालली. ते मशीन बनवणाऱ्या जेजर-लकूल्त्र कंपनीने मात्र स्वतःच्या घड्याळात कधी वापरलं नाही.) पण २१२१ ला सेकंद काटा नाही आणि तारीख झटकन बदलायची सोय नाही, काटेच फिरवत बसा. चावी ४० तास पुरते. शुक्रवारी रात्री आठला काढून ठेवलं तर रविवारी दुपारी बाराच्या सुमारास बंद. १५३०० ला सेकंद काटा आहे, तारखेची सोय आहे, चावी ६० तासांची. रोज एकच घड्याळ घालायचं असेल तर तुमचं म्हणणं मान्य.

पहिलं मात्र अजिबात नाही. रॉयल ओकचं सगळं देखणेपण दोन पृष्ठभागांच्या सीमारेषेवर आहे : वरचा भाग उभ्या रेषांचा, मॅट, त्याला लागून आरशासारखा तिरपा पैलू. गल्लीतला कारागीर ते कापडी बफला (पॉलिशच्या फिरत्या चाकाला) लावतो. बफ मऊ, तो कडेवरून खाली दबतो आणि कड गोल करून टाकतो. मग वर ब्रशच्या रेषा ओढल्या तरी सीमा पुसटच राहते. योग्य रीत म्हणजे मागचे आठ नट काढून बेझल (काचेभोवतीची अष्टकोनी चौकट), केस (घड्याळाचं कवच), चेन सुटी करायची आणि एकेक पैलू सपाट चकतीवर धरायचा. कंपनी हे नीट करते, हे खरं. पण धातू दर खेपेला थोडा जातोच, आणि गेलेला परत येत नाही. बेझल नवं मिळेल; केस आणि चेनच्या कड्यांचं काय?

तेव्हा भिंग घेऊन बघायचं ते असं. बेझलच्या आठही बाजूंना पैलूची रुंदी सारखी हवी. एका कोपऱ्यात फुगलेली, दुसरीकडे निमुळती दिसली की हाताने घासलंय. व्हाइट गोल्डचे आठ स्क्रू षटकोनी खाचेत बसतात, वरून फिरतच नाहीत. म्हणून त्यांच्या चिरा वर्तुळाच्या ओळीत असतात. चिरेच्या ओठावर ओरखडे असतील तर कुणीतरी वरून स्क्रूड्रायव्हर चालवलाय. चीर उथळ वाटली तर बेझलबरोबर स्क्रूची डोकीही घासली गेलीत. मग बाजूने पाहा : बेझल आणि केसमधली काळी गॅस्केट (पाणी अडवणारी पट्टी) सगळीकडे सारखी दिसायला हवी. नट कमी-जास्त आवळले गेले असतील तर एकीकडे फट पडते, आणि मुळातच ५० मीटरपर्यंतच जलरोधक असलेलं घड्याळ मग आपल्या घामालाही पुरत नाही.

चेन शेवटी. घड्याळ आडवं धरून ती किती लोंबते ते पाहा आणि कड्यांच्या मधल्या छोट्या जोडण्यांच्या कडा तपासा. बफ तिथे सगळ्यात आधी लागतो.

विक्रेत्याकडे समोरून काढलेले चकचकीत फोटो मागू नका, त्यात काही कळत नाही. खिडकीजवळ, उजेड एका बाजूने तिरपा पडेल असं धरून चार बाजूंचे मागा. आणि घेतल्यावर सर्व्हिसिंगला दिलंत तर ‘केस-चेन पॉलिश करू नये’ असं पावतीवर लिहून घ्या, तोंडी सांगून भागत नाही.