काळाची चाळणी म्हणे!

"काळाच्या चाळणीत टिकतं ते सोनं, बाकीचा भुसा." या वाक्याने सुरू होणारा पाच मुद्द्यांचा एक लेख सध्या जो तो पुढे ढकलतोय. म्हणणं असं की 19व्या शतकात ढिगाने सिंफन्या, म्हणजे अख्ख्या ऑर्केस्ट्रासाठीच्या मोठ्या, अनेक भागांच्या रचना, लिहिल्या गेल्या, त्यातल्या मोजक्याच आज वाजतात, कारण बाकीच्यांची लायकीच नव्हती. आता त्या जुन्या फडताळांतून काढून रेकॉर्ड करणं हा निव्वळ धंदा आहे. वाचून सोडून दिलं असतं. पण माझी भाची व्हायोलिन शिकते. ती 19व्या शतकातल्या लुईझ फारांक या फ्रेंच रचनाकार बाईचं संगीत ऐकत बसलेली दिसली, तर तिच्या आईने हाच लेख तिला पाठवून खाली लिहिलं, "बघ, आणि तू वेळ घालवतेस." मग मात्र राहवेना.

चौथा मुद्दा आधी घेते, कारण सगळ्यात घातक तोच. "बायकांनी गाणी लिहिली, पियानोचे छोटे तुकडे लिहिले, सिंफनी हा त्यांचा पिंडच नव्हे. कुवत असती तर एखादी तरी टिकली असती." हे वाक्य व्हायोलिन शिकणाऱ्या मुलीला पाठवायचं, तेही आईने!

फारांक पॅरिसची, जन्म 1804. कॉन्झर्वातवार या तिथल्या नामांकित संगीतशाळेचा रचनेचा वर्ग तेव्हा फक्त पुरुषांसाठी होता. तरी तिने रायखा या रचनेच्या शिक्षकाकडून रचना शिकून घेतली. 1842 पासून तीस वर्षं ती त्याच संस्थेत पियानोची प्राध्यापक होती. शिकवायचं फक्त मुलींना, आणि पगार बरोबरीच्या पुरुषांपेक्षा कमी. 1850 मध्ये तिचं नॉनेट, म्हणजे नऊ वाद्यांची रचना, गाजलं. व्हायोलिनवर नामवंत वादक योझेफ योआखिम होता. त्या यशानंतर तिने समान पगार मागितला आणि मिळवला.

सिंफन्या तीन, सगळ्या 1840 च्या दशकातल्या. तिसरी, 'जी मायनर' या स्वरपट्टीतली, 1849 मध्ये कॉन्झर्वातवारच्याच मैफलीत वाजली, आणि त्याच कार्यक्रमात बीथोवनची पाचवी होती. म्हणजे त्या काळच्या पॅरिसमधल्या सर्वांत दबदब्याच्या व्यासपीठावर, थेट बीथोवनच्या पंगतीला. सुरुवात ऐका: एकटा ओबो, म्हणजे फुंकून वाजवायचं सनईसारखं वाद्य, खाली कुणाचाही आधार नाही. पिंड नसलेल्या बाईला अशी सुरुवात करायचं धाडस कुठून आलं, ते लेखकाने सांगावं.

मग टिकली का नाही? याचं उत्तर शोधायला लांब जायला नको. फेतीस हा 19व्या शतकातला संगीतकारांचा मोठा चरित्रकोशकार. त्याने फारांकबद्दल जे लिहिलंय त्याचा मथितार्थ असा: मोठ्या वाद्यवृंदाचं संगीत ऐकवायला जी साधनं लागतात ती मिळवताना रचनाकाराची दमछाक होते, श्रोते नाव बघून दर्जा ठरवतात, अनोळखी नाव असेल तर प्रकाशक ऐकूनही घेत नाहीत, आणि तिचं काम विस्मरणात गेलं ते यामुळेच. कालचा कुणी स्त्रीवादी नव्हे, तिचा समकालीन हे सांगतोय. तिचं पियानोचं आणि चेंबर, म्हणजे मोजक्या वादकांसाठीचं, संगीत छापलं गेलं, सिंफन्या तिच्या हयातीत छापल्याच नाहीत. स्कोअर, म्हणजे सगळ्या वाद्यांची एकत्र स्वरलिपी, छापील नाही, वादकांपुढे ठेवायला प्रत्येकाचे वेगळे पार्ट्स नाहीत, तर दुसऱ्या गावचा ऑर्केस्ट्रा वाजवणार काय, कपाळ? चाळणीत घातलंच नाही, ते गळलं असं कसं म्हणता?

पहिला मुद्दा, "काळ निःपक्षपाती असतो", इथेच निकालात निघतो. तरी स्वीडनचा रचनाकार फ्रान्झ बेरवाल्ड याचं सांगतेच. पोटासाठी या माणसाने बर्लिनमध्ये हाडांच्या व्यंगांवर उपचार करणारी संस्था चालवली, पुढे काचेचा कारखाना सांभाळला. 1840 च्या दशकात चार सिंफन्या लिहिल्या. हयातीत वाजली एक, 1843 मध्ये, तीही धड तालीम न करता. त्यातली 'सिंग्युलिएर' नावाची लिहिली 1845 मध्ये आणि पहिल्यांदा वाजली 1905 मध्ये. साठ वर्षं एकाही माणसाने न ऐकलेल्या संगीतावर काळाने निकाल दिला म्हणे! आणि लेखकाचा लाडका शूबर्ट? त्याची सी मेजरमधली मोठी सिंफनी भावाच्या घरी पडून होती. रचनाकार शूमान व्हिएन्नाला त्या भावाकडे गेला, बाड पाहिलं, आणि 1839 मध्ये मेंडेल्सोन या दुसऱ्या रचनाकाराने ती लाइपझिगला वाजवली. यात काळाचा काय संबंध? एक माणूस चौकशी करायला गेला, एवढंच.

तिसरा मुद्दा, "हे सगळे नकलाकार". 'सिंग्युलिएर'मध्ये संथ भागाच्या पोटातच स्केर्झो, म्हणजे सिंफनीतला एरवी स्वतंत्र असणारा द्रुत, खेळकर भाग, बसवलंय. ही नक्कल कुणाची, ते नाव लेखात नाही. पुढे चला.

दुसरा मुद्दा जरा चलाखीचा आहे: "थोरांनी थोरांना ओळखलंच; हान्स रॉटला खुद्द ब्राम्सने नाकारलं." नाकारलं, खरंय. 1880 मध्ये बावीस वर्षांचा होतकरू रचनाकार रॉट आपली ई मेजर सिंफनी घेऊन गेला आणि ब्राम्सने त्याला संगीत सोडण्याचा सल्ला दिला. त्याच वर्षी रेल्वेत सहप्रवाशाने सिगार पेटवायला घेतला, तर रॉटने पिस्तूल रोखलं: ब्राम्सने गाडीत डायनामाइट भरलंय! वेड्यांच्या इस्पितळात रवानगी झाली, आणि 1884 मध्ये क्षयाने गेला. पण लेख जे गाळतो ते हे की त्याच रॉटला मालर या मोठ्या सिंफनीकाराने नव्या सिंफनीचा संस्थापक म्हटलंय. मालर थोर नाही का? रॉटचं स्केर्झो ऐकताना मालरची पहिली सिंफनी आठवते, फक्त रॉटचं आधीचं आहे. सिंफनी पहिल्यांदा वाजली 1989 मध्ये, सिनसिनाटीला. दोष आहेतच, त्यातला ट्रायँगल, ती किणकिणणारी धातूची त्रिकोणी सळई, इतका वाजतो की वादकाच्या हातून काढून घ्यावासा वाटतो.

पाचवा, "रेकॉर्डिंग तिसऱ्या दर्जाच्या ऑर्केस्ट्रांची". बेरवाल्डच्या दोन सिंफन्या 1955 मध्ये ऑर्केस्ट्रा-संचालक मार्केविचने रेकॉर्ड केल्या त्या बर्लिन फिलहार्मोनिकबरोबर. रॉटची सिंफनी अलीकडे बाम्बर्गच्या ऑर्केस्ट्राने केली, डॉइश ग्रामोफोन या नामांकित रेकॉर्ड कंपनीसाठी. बर्लिन तिसऱ्या दर्जाचं असेल तर पहिल्या दर्जाचं कोण, तेही कळवा.

एक गोष्ट मात्र नाइलाजाने मान्य करते. विस्मृतीतलं सगळंच रत्न नसतं, आणि सीडीच्या पुस्तिका दर चार पानांनी 'हरवलेली महान कृती' लिहितात त्याचा मलाही वीट आलाय. 19व्या शतकातलाच रचनाकार योआखिम राफ घ्या. हयातीत त्याचं नाव मोठमोठ्यांच्या जोडीने घेतलं जायचं, म्हणजे विसरलेल्यांना "तेव्हाही कुणी विचारत नव्हतं" असं कुणी म्हटलं, तर तेही खोटंच. पण अकरा सिंफन्या, आणि सगळ्या सारख्या जमलेल्या नाहीत. तिसरी, 'इम वाल्डे', आणि पाचवी, 'लेनोरे', ऐका. पाचवी 1970 मध्ये बर्नार्ड हरमनने, हिचकॉकच्या 'सायको'ला संगीत देणाऱ्यानेच, लंडन फिलहार्मोनिककडून वाजवून घेतली होती. त्यानंतर उरलेल्या नऊ ऐकून कंटाळलात, तर राफला खुशाल शिव्या घाला. पण आधी ऐका.