दोन मीटर चाळीस

काल रोल धुऊन आला. छत्तीस फोटोंपैकी पस्तीस पुसट. एकच लख्ख निघालाय, आणि तो मी काढलेला नाही.

आईबाबा सांगलीहून इकडे जर्मनीत, ब्राउनश्वाइगला आलेत. हौसेनं घेतलेला जुना रोलाय ३५ गळ्यात अडकवून मी त्यांना सिंहाच्या पुतळ्याच्या चौकात नेलं. हा कॅमेरा बाजारात आला १९६६ साली, आणि रोलायचा कारखाना याच गावातला. रुंदी दहा सेंटिमीटरसुद्धा नाही. एवढ्याशा डबीत सगळं कोंबताना त्याची रचना करणाऱ्या हाइन्त्स वास्केसाहेबांनी रोल ओढायचा खटका डावीकडे आणि फ्लॅशची जागा बुडाशी नेली. अंतर मोजायची सोय मात्र मावली नाही. माणूस किती मीटरवर उभा आहे ते आपणच ठरवायचं आणि भिंगाची कडी फिरवायची. आमच्या घरात मीठ, पाहुणे, पंगतीतली पानं, सगळं अंदाजे चालतं. म्हटलं, जमेल.

तिघांचा एक फोटो काढाल का, असं एका आजोबांना विचारलं, इथे चुकलं.

"अंतर?"

"अडीच मीटर. अंदाजे."

"अंदाजे?" मी दुधात पाणी घालतो असं कबूल केल्यासारखे ते बघत राहिले. मग पिशवीतून सुताराची घडीची लाकडी पट्टी काढली. (ही वस्तू इथले लोक भाजी आणायला जातानाही का बाळगतात?) पट्टीचं टोक थेट आईच्या नाकाशी. पट्टी दोन मीटरची, म्हणून पुढे छत्रीच्या टोकानं खूण करून पुन्हा मोजणं.

"अरे, हे शिंपी आहेत का?" आई.

"दोन मीटर चाळीस," आजोबा म्हणाले, कडी फिरवली, आणि थबकले. कॅमेऱ्यावर 'सिंगापूर' दिसलं होतं. "हा इथला नाही." सत्तरच्या दशकात काम तिकडे कसं गेलं, हे त्यांनी सविस्तर सांगितलं. सांगताना आवाज असा, की मीच नेलं.

विषय बदलावा म्हणून बाबांनी हळूच विचारलं, "सिंह तरी मूळचा ना?" मी भाषांतर केलं.

"नाही. ही नक्कल. मूळ आत, संग्रहालयात."

एवढ्या वेळात माझं हसू गोठून गालात दुखायला लागलं होतं. क्लिक झालं. कॅमेरा परत घेऊन मी सवयीनं भिंग आत ढकलायला गेलो, तर "थांबा! आधी खटका ओढा!" आख्खा चौक वळून बघायला लागला. मला माहीत होतं हो. दोन वर्षं वापरतोय. घाईत विसरलो, एवढंच. पण ते कोणाला सांगणार, आणि जर्मनमध्ये कसं?

रोल आणि धुलाई मिळून बरेच युरो गेले. फोटोत माझे डोळे मिटलेत, बाबा सिंहाकडे संशयानं बघतायत, आणि आईच्या कपाळावरची प्रत्येक आठी मोजून घ्यावी इतकी स्वच्छ. तिला तो मोठा करून हवाय, फ्रेमसकट.

"तुझे राहू देत," म्हणाली. "रविवारी ते शिंपी भेटतील का बघ."