कोल्हापूरची खेप आणि खर्चाची वही

बेळगावच्या शहापुरातला दुकानदार मालासाठी इचलकरंजीला गेला तर तो धंदा. तसंच पुढे कोल्हापूरला जाऊन अंबाबाईचं दर्शन घेतलं तर तो धर्म. आणि दोन्हीचं डिझेल एकाच बिलात आलं, तर ऑडिटरच्या टेबलावर ते पाप.

आयकराच्या 1961 च्या कायद्यातल्या कलम 37 ची अट सरळ आहे: खर्च पूर्णपणे आणि केवळ धंद्यासाठी झालेला असावा. 1 एप्रिल 2026 पासून 2025 चा नवा कायदा. त्यात कलमांचे नंबर फिरले, अट जागची हलली नाही. म्हणजे इचलकरंजीपर्यंतचे किलोमीटर धंद्याचे, पुढचे देवीच्या खात्यावर. कायद्याचं देवीशी वैर नाही, त्याला फक्त वजाबाकी हवी असते. मालासाठीच गेलात आणि घरची मंडळी मागच्या सीटवर बसली, तरी डिझेल तेवढंच जळतं. लॉजवर मात्र खोली चौघांची घेतली तरी वहीत एकट्याचाच दर. आणि टिळकवाडीतल्या घरून खडेबाजारातल्या दुकानात रोज जाणं हा प्रवास धंद्याचा नव्हेच, मग वाटेत ट्रॅफिक कितीही असो.

पण बिलं जमवायच्या आधी एक प्रश्न विचारून घ्यावा, जो आमच्याकडे हमखास शेवटी विचारला जातो: रिटर्न कुठल्या पद्धतीनं भरता? उलाढाल दोन कोटींच्या आत असेल (रोखीची जमा पाच टक्क्यांच्या आत असेल तर तीन कोटींच्या), तर बरेच जण अंदाजी नफ्याची योजना घेतात, जुन्या कायद्यातलं कलम 44 एडी. बँकेतून किंवा यूपीआयनं आलेल्या विक्रीवर 6 टक्के, रोखीवर 8 टक्के नफा धरायचा आणि मोकळं व्हायचं. सगळे खर्च त्यातच वजा झाले असं सरकार मानतं. तरीही रिटर्न भरायच्या वेळी माणसं टोलच्या चिठ्ठ्यांनी फुगलेली पिशवी घेऊन ऑडिटरकडे येतात. ऑडिटर पिशवीकडे बघतो, मग माणसाकडे बघतो, आणि चहा सांगतो.

ज्यांना खरोखर खर्च दाखवायचा आहे, त्यांच्यासाठी वही. माझ्या मते बिलापेक्षा वही मोठी. तुम्ही गेलात याबद्दल आयकर खात्याला फारशी शंका नसते. कशाला गेलात, याची असते. म्हणून तारीख, कुठून कुठे, निघताना आणि परतल्यावर मीटरवरचे किलोमीटर, कुणाला भेटलात, काय ठरलं, एवढं लिहायचं. भेटीचा मेसेज किंवा मालाचं चलन सोबत असलं तर उत्तम. ही वही रोजची रोज लिहायची असते. वर्षभराची एका रात्रीत लिहिली की तीच शाई, तेच वळण, आणि प्रत्येक खेप बरोब्बर 250 किलोमीटर! त्यात फास्टॅग चुगलखोर. वहीत कोल्हापूर 12 तारखेला, आणि हत्तरगी व कोगनोळीच्या नाक्यांवर पैसे कापले 14 ला, वेळेसकट. खरं कोण बोलतंय हे अधिकाऱ्याला फार शोधावं लागत नाही.

आता खास आपल्या सीमाभागाची गंमत. आपला जीएसटी नंबर 29 नं सुरू होतो, कोल्हापूरच्या लॉजचा 27 नं. खोली ज्या राज्यात, कर त्या राज्याचा. त्यामुळे बिलावर महाराष्ट्राचे सीजीएसटी-एसजीएसटी (जीएसटीतला केंद्राचा आणि राज्याचा वाटा) लागतात आणि कर्नाटकात नोंदलेल्या दुकानाला त्याचं क्रेडिट, म्हणजे तो कर आपल्या जीएसटीतून वजा करायची सोय, मिळत नाही. हुबळीच्या लॉजवर आपला नंबर सांगून बिल घेतलं तर मिळतं. सीमाप्रश्नाचा दावा सुप्रीम कोर्टात 2004 पासून आहे. जीएसटीच्या पोर्टलनं स्वतःपुरता निकाल केव्हाच लावलाय. दुःखात सुख एवढंच, की न मिळालेला तो कर बिलाच्या रकमेत धरून आयकरात खर्च म्हणून दाखवता येतो. बिल मात्र दुकानाच्या नावानं घ्या. ‘पाहुणे, बेळगाव’ या नावाचं बिल कुणाच्याच कामाचं नाही.

रोखीची आणखी एक मेख. एका माणसाला एका दिवसात 10,000 रुपयांपेक्षा जास्त रोख दिली, तर बिल कितीही खरं असलं तरी तो खर्च बाद. मालवाहतूकदारासाठी ही मर्यादा 35,000. रिक्षा, हमाली, चहा यांचं बिल कोण देणार? तिथे स्वतःचं व्हाउचर चालतं: तारीख, रक्कम, कारण, घेणाऱ्याची सही. सगळ्या हमालांची सही एकाच वळणाची नसली म्हणजे झालं.

राहिली बसची तिकिटं. जाताना तिकीट कन्नड, येताना मराठी, आणि महिना-दोन महिन्यांत दोन्ही सारखीच कोरी. हा थर्मल कागद. अक्षरं उन्हानं उडतात, प्लॅस्टिकच्या पाकिटात तर लवकरच. म्हणून त्याच दिवशी मोबाइलवर फोटो काढायचा किंवा साधी झेरॉक्स मारून वहीला लावायची. काही हौशी मंडळी तिकीट टिकावं म्हणून लॅमिनेट करायला नेतात. थर्मल कागदावर शाई नसतेच, तो उष्णतेनं काळा होतो. लॅमिनेशनच्या मशीनमधून तिकीट बाहेर येतं ते टिकाऊ, चकचकीत आणि पूर्ण काळं.