तुम्ही बसा, आमचं झालंय

कुणाकडे मुक्कामाला जायचं म्हटलं की मला यजमानांच्या एका वाक्याची धास्ती असते : "तुम्ही बसा, आमचं झालंय." मग ताटावर आपण एकटे आणि समोरचे आपले घास मोजत बसलेले.

ब्रॅम स्टोकरच्या 'ड्रॅक्युला' कादंबरीत (१८९७) जोनाथन हार्करच्या वाट्याला हेच येतं. नुकताच परीक्षा पास झालेला हा इंग्रज वकील रात्री उशिरा किल्ल्यावर पोचतो. भाजलेली कोंबडी, चीज, सॅलड, जुनी टोकाय वाइन असा बेत. यजमान, म्हणजे काउंट ड्रॅक्युला, म्हणतो, माझं जेवण झालंय. त्याआधी त्याने पाहुण्याची ट्रंक स्वतः जिन्यावरून वर नेलेली असते. का, तर उशीर झालाय, माणसं हाताशी नाहीत.

सुळे तर स्टोकर पहिल्याच भेटीत दाखवतो. माझ्या अंगावर काटा येतो तो नंतर, काउंट अंथरूण घालताना सापडतो तेव्हा. मग दाराच्या बिजागरीच्या फटीतून हार्करला तो टेबल मांडतानाही दिसतो. म्हणजे घरात नोकर नाहीतच. म्हणजे परवा रात्री बग्गी हाकणारा, नुसत्या हाताच्या इशाऱ्याने लांडगे पांगवणारा, तोही हाच! चादरीच्या घडीवरून एवढा उलगडा. सिनेमावाले बहुधा त्याच्या अंगावर झगा चढवतात आणि हे घरकाम तेवढं गाळतात.

हार्करही कृतीतूनच कळतो. दाढी करताना मागे उभा असलेला काउंट आरशात दिसत नाही, दचकून हनुवटी कापते, रक्त बघून काउंट गळ्यावर झेपावतो, क्रूसाच्या माळेला हात लागताच शांत होतो आणि आरसा खिडकीबाहेर भिरकावतो. एवढं झाल्यावर गडी रोजनिशीत काय लिहितो? आता दाढी कशात बघून करायची. घड्याळाचं झाकण चालेल, नाहीतर दाढीच्या भांड्याचं बूड, ते नशिबाने धातूचं आहे. याच माणसाने वाटेत पाप्रिका घातलेली कोंबडी खाऊन, होणाऱ्या बायकोसाठी, मीनासाठी, कृती मिळवायची, अशी नोंद केली होती.

पाहुण्याला "निघणार कधी?" असं तोंडावर विचारायची सोय नसते. काउंट मे महिन्यातच त्याच्याकडून तीन पत्रं लिहून घेतो : काम संपत आलंय, उद्या निघतोय, किल्ला सोडून बिस्ट्रिट्झ गावाला पोचलो. तारखाही तोच सांगतो, १२, १९ आणि २९ जून.